बाळ रात्रीच जास्त का खोकतं, आणि तेव्हा नेमकं काय पाहायचं

रात्री दीड-दोनला बाळ खोकून उठलं की घरातल्या प्रत्येकाकडे एकेक निदान तयार असतं. आजी म्हणते, छातीत कफ भरलाय. बाबा उठून एसी बंद करतो. आईला वाटतं, संध्याकाळी केळं द्यायलाच नको होतं. कुणीतरी फ्रिजच्या दारात ठेवलेली, मागच्या खेपेची खोकल्याच्या औषधाची बाटली शोधू लागतं. या सगळ्या गडबडीत बाळाचं झबलं वर करून ते श्वास कसा घेतंय हे बघायचं राहून जातं. खरं तर त्या वेळी सगळ्यात जास्त माहिती तिथूनच मिळते. खोकला कसा आहे, किती वेळा आला, ओला की कोरडा, हे सगळं त्यानंतरचं.

आधी रात्रीचं कोडं सोडवू. दिवसभर हसतं-खेळतं बाळ अंथरुणावर टेकलं की खोकायला का लागतं?

सर्दी झाली की नाकाच्या आत आणि मागच्या पोकळीत पाणी नि शेंबूड तयार होत राहतो. दिवसा बाळ कडेवर असतं, बसतं, रांगतं, त्यामुळे यातला बराचसा नाकावाटे बाहेर येतो किंवा गिळला जातो. आडवं झाल्यावर तोच द्राव पडजिभेच्या मागून घशात उतरतो आणि स्वरयंत्राच्या तोंडाशी साचतो. झोपेत गिळण्याची क्रियाही मंदावलेली असते. साचलेल्या द्रावाने तिथल्या नसा चाळवल्या की शरीर तो बाहेर ढकलतं. हाच तो खोकला. मोठी माणसं उठून खाकरतात, नाक शिंकरतात. चार महिन्यांच्या बाळाला यातलं काहीच येत नाही, त्याच्याकडे खोकणं एवढा एकच उपाय आहे.

दुसरं कारण शरीराच्या घड्याळात आहे. सूज आटोक्यात ठेवणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक मध्यरात्रीच्या आसपास सगळ्यात कमी असतं आणि श्वासनलिकाही रात्री थोड्या आकसतात. मोठ्यांचा दमासुद्धा पहाटे तीन-चारला बळावतो, तो याच कारणाने. बाळाला याचा फटका जास्त बसतो, कारण मुळात त्याची श्वासनलिका जेमतेम चार मिलिमीटर रुंद असते. त्यात चहूबाजूंनी एक मिलिमीटर सूज आली तर आतली जागा पाव भागावर येते. पेयाच्या खोक्यासोबत मिळणारा बारीक स्ट्रॉ तोंडात धरून भरभर श्वास घेऊन पाहा, म्हणजे ते कसं वाटत असेल याचा थोडा अंदाज येईल. शिवाय पहिले काही महिने बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेतात. नाक चोंदलं की दूध ओढता येत नाही, झोप लागत नाही, आणि तोंडाने श्वास घेऊन घसा कोरडा पडला की पुन्हा खोकला.

आता आजीच्या निदानाबद्दल. बाळाच्या पाठीवर हात ठेवला की घरघर लागते, म्हणून छातीत कफ भरलाय असं वाटतं. बहुतेक वेळा ही घरघर नाक आणि घशातल्या शेंबडाची असते. बाळाची छाती लहान, हाडं पातळ, त्यामुळे वरचा आवाज थेट पाठीपर्यंत पोचतो. नाकात सलाइनचे थेंब टाकून नाक साफ केलं आणि घरघर कमी झाली, तर ती वरचीच होती असं समजायला हरकत नाही. खोकता खोकता उलटी होऊन चिकट कफ पडला की बाळाला हलकं वाटतं, हे आजीचं निरीक्षण मात्र अगदी बरोबर आहे. बाळं कफ थुंकत नाहीत, गिळतात. तो उलटीतून किंवा शीतून बाहेर पडतो. तेवढ्यावरून घाबरायचं कारण नसतं.

झबलं वर करा आणि श्वास मोजा

बाळ शांत असताना, शक्यतो झोपेत, मोजायचं. रडून नुकतंच थांबलं असेल तर थोडा वेळ जाऊ द्या. ताप असेल तर ताप उतरल्यावर पुन्हा मोजा, कारण नुसत्या तापानेही श्वास वाढतो. दिवा मंद ठेवा, झबलं छातीपर्यंत वर घ्या, लंगोट किंवा डायपर पोटावर घट्ट असेल तर सैल करा. मोबाइलवर एक मिनिटाचा टायमर लावा आणि पोट किती वेळा वर येतं ते मोजा. पूर्ण मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याचा शॉर्टकट इथे फसवतो, कारण तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. भराभर चार-पाच श्वास, मग पाच-सात सेकंद थांबा, मग पुन्हा श्वास, असं नवजात बाळात चालतं.

जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेले आकडे सोपे आहेत. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त असेल, तर तो जलद समजायचा आणि डॉक्टरांकडे जायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा आकडा ६० किंवा त्याहून जास्त आला तर एकदा पुन्हा मोजून खात्री करा. दुसऱ्यांदाही तेवढाच आला तर मग सकाळची वाट पाहायची नाही.

या मोजणीमागे महाराष्ट्रातलाच एक इतिहास आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८८ पासून गावागावांत बालन्यूमोनियावर काम केलं. एक्स-रे नाही, डॉक्टर नाही, अशा ठिकाणी गावातल्याच आरोग्यसेवकांना आणि दाईंना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि साध्या अँटिबायोटिकने उपचार करायला शिकवलं. अक्षरओळख नसलेल्या दाईंसाठी वाळूचं घड्याळ आणि मणी बसवलेलं एक साधन तयार केलं. वाळू खाली जाईपर्यंत श्वास मोजत मणी सरकवायचे, एवढंच. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आले. ज्या गावांत हे काम झालं तिथे पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू ८.१ होते, आणि तुलनेसाठी घेतलेल्या गावांत १७.५. मण्यांवर श्वास मोजणाऱ्या दाईला जे जमलं ते हातात स्मार्टफोन असलेल्या आईबापांना जमायला हवं, असं मला वाटतं.

मोजताना आकड्याबरोबर आणखी दोन-तीन गोष्टी दिसतात, आणि त्या आकड्याइतक्याच महत्त्वाच्या आहेत. श्वास आत घेताना बरगड्यांच्या खालची कड आत ओढली जाते का? गळ्याखालच्या खळगीत खड्डा पडतो का? नाकपुड्या फुलतात का? प्रत्येक श्वासाला कण्हल्यासारखा आवाज येतो का? बरगड्यांखालची कड अशी आत ओढली जाते, त्यालाच आपल्याकडे ‘पोट उडतंय’ म्हणतात. यातलं काहीही दिसलं की खोकला कसा आहे हा प्रश्न संपला, बाळाला दवाखान्यात न्यायचं. ओठ किंवा जीभ निळसर पडली, श्वास मध्येच वीस सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला, बाळ सुस्त पडलं आणि उठवूनही नीट जागं होईना, अंगावर ओढेना, तर १०८ ला फोन करा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल, तर बाकी सगळं ठीक दिसत असलं तरी त्याच वेळी दाखवायचं. अपुऱ्या दिवसांचं किंवा हृदयाचा जन्मजात दोष असलेलं बाळ असेल तर आपला धीर आणखी आखूड ठेवायचा.

खोकल्यामागे काय काय असू शकतं

सगळ्यात जास्त वेळा साधी सर्दी असते. लहान मुलांना वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होते, पाळणाघरात जाणाऱ्यांना किंवा शाळेत जाणारं भावंड असलेल्यांना त्याहूनही जास्त. आणि खोकला सर्दीपेक्षा जास्त दिवस रेंगाळतो. साधारण निम्म्या मुलांचा दहा दिवसांत थांबतो, दहातल्या नऊ मुलांचा थांबायला २५ दिवस लागतात. हे माहीत नसलं की पाचव्या दिवशी डॉक्टर बदलला जातो, आठव्या दिवशी अँटिबायोटिक मागितलं जातं, आणि बाराव्या दिवशी आपोआप थांबलेल्या खोकल्याचं श्रेय तिसऱ्या डॉक्टरांना मिळतं.

दोन वर्षांखालच्या, त्यातही तीन ते सहा महिन्यांच्या बाळांमध्ये ब्रॉन्किओलायटिस हा वेगळा प्रकार दिसतो. फुप्फुसाच्या टोकाकडच्या अगदी बारीक नळ्यांना विषाणूने सूज येते. बहुतेकदा हा विषाणू आरएसव्ही असतो. सुरुवात साध्या सर्दीनेच होते, मग श्वासात शिट्टीसारखा आवाज येतो, धाप लागते. हा आजार तिसऱ्या ते पाचव्या दिवशी जोर धरतो आणि मग ओसरू लागतो, त्यामुळे ‘काल दाखवलं तेव्हा बरं होतं, आज बिघडलं’ असं झालं तर त्यात डॉक्टरांची चूकच असते असं नाही. अँटिबायोटिकचा इथे उपयोग नाही, आणि वाफारा-यंत्रातून दिल्या जाणाऱ्या औषधांचाही या वयात फारसा होत नाही. बाळ किती पितंय यावर नजर ठेवायची. नेहमीच्या निम्म्याहून कमी दूध जात असेल किंवा बारा तासांत लघवीच झाली नसेल तर भरती करावं लागू शकतं.

क्रूप मात्र ऐकल्याबरोबर ओळखू येतो. सहा महिने ते तीन वर्षांचं मूल रात्री अचानक उठतं आणि कुत्रा भुंकल्यासारखं खोकतं, आवाज बसलेला असतो, श्वास आत घेताना घशातून करकर येते. सूज स्वरयंत्राजवळ असते आणि मूल जितकं रडेल तितकी वाट आणखी अरुंद होते. म्हणून त्याला उभं धरा, शांत करा. चमचा घालून घसा तपासायला जाऊ नका. शांत असतानाही करकर ऐकू येत असेल तर रात्रीच दवाखाना गाठा. डेक्सामेथासोनचा एकच डोस इथे चांगलं काम करतो, पण तो डॉक्टरांनीच द्यायचा.

डांग्या खोकला आता कमी झाला, संपलेला नाही. मोठ्या मुलांत ढास लागते, चेहरा लाल होतो, शेवटी हूप आवाज करून श्वास आत ओढला जातो, मग उलटी. तान्ह्या बाळात गंमत अशी की यातलं काहीच नीट दिसत नाही. खोकला किरकोळ असतो आणि बाळ मध्येच श्वास घ्यायचं थांबतं, निळं पडतं. हा आजार त्याला बहुतेक वेळा घरातल्याच मोठ्या माणसाकडून मिळतो, जो ‘महिनाभर नुसता खोकला आहे’ म्हणत बाळाला मांडीवर घेतो. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांची पेंटाव्हॅलंट लस यापासून वाचवते. दीड-दोन वर्षांचा आणि पाच-सहा वर्षांचा बूस्टर चुकवू नका. साध्या सर्दीखोकल्यामुळे लस पुढे ढकलायची गरज नसते. नेमकी याच कारणाने ती सगळ्यात जास्त पुढे ढकलली जाते.

दर सर्दीला छातीत शिट्टी वाजते, रात्री आणि पहाटे खोकला वाढतो, घरात कुणाला दमा किंवा ॲलर्जी आहे, अंगावर खाजरे चट्टे येतात, अशा बाळाच्या बाबतीत डॉक्टर बाळदम्याचा विचार करतात. इथे एक गोष्ट पटकन सांगून टाकतो. स्पेसर (पंपाला जोडायची प्लास्टिकची नळी) आणि मास्क लावून दिलेला पंप तोंडी औषधापेक्षा सौम्य असतो, कारण अगदी थोडं औषध थेट फुप्फुसात जातं. ‘पंपाची सवय लागते’ हे वाक्य किती मुलांच्या झोपेच्या मुळावर आलं असेल, देव जाणे.

दूध पिऊन लगेच आडवं केल्यावर खोकणारी, गुळणी टाकणारी बाळंही असतात. जठराच्या तोंडाची झडप अजून सैल असते. पाजल्यानंतर वीस-तीस मिनिटं खांद्यावर उभं धरलं, ढेकर काढली की बऱ्याच जणांचं भागतं. वर्षाच्या आसपास हे आपोआप कमी होतं. वजन वाढत नसेल किंवा प्रत्येक पाजण्याला ठसका लागत असेल तर मात्र तपासून घ्यावं.

शेंगदाण्याबद्दल जरा थांबून बोलायला हवं. सर्दी नाही, ताप नाही, मूल खेळत होतं आणि अचानक ठसका लागून खोकायला लागलं. पाच मिनिटांनी शांतही झालं. मग काही दिवसांनी एकाच बाजूला शिट्टी, खोकला, ताप, आणि उपचार सुरू होतात न्यूमोनियाचे. शेंगदाणा, फुटाणा, डाळिंबाचा दाणा, माळेतला मणी श्वासनलिकेत अडकलेला असू शकतो. म्हणून ‘त्या दिवशी ठसका लागला होता’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगायचं, त्यांनी विचारलं नाही तरी. चार-पाच वर्षांपर्यंत अख्खे शेंगदाणे, काजू देऊ नयेत, कूट करून द्यावा. समोरच घास अडकला आणि वर्षाच्या आतल्या बाळाला खोकता-रडताही येत नसेल, तर त्याला हातावर पालथं, डोकं खाली करून धरा आणि पाठीवर दोन फऱ्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थापा मारा. मग उताणं करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या टाचेने पाच वेळा दाबा. वस्तू निघेपर्यंत हे आलटूनपालटून चालू ठेवा. दिसत नसताना घशात बोट घालू नका, वस्तू आणखी आत जाते.

आणि क्षयरोग. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, वजन वाढत नाही किंवा घटतंय, संध्याकाळचा बारीक ताप, आणि घरात कुणी मोठं माणूस खोकतंय किंवा त्यावर औषध घेतंय, अशी जुळणी दिसली तर हा विचार मनात आणायलाच हवा. जन्मल्यावर दिलेली बीसीजी गंभीर प्रकारांपासून बरंच वाचवते, सगळ्यापासून नाही. घरात रुग्ण असेल तर पाच वर्षांखालच्या मुलाला प्रतिबंधक उपचार सरकारी केंद्रात मोफत मिळतो. लोक लाजेपोटी रुग्णाची गोष्ट लपवतात आणि भोगतं बाळ.

रात्री हाताशी काय ठेवावं

औषधाच्या कपाटात बाळासाठी एकच गोष्ट ठेवायची म्हटलं तर मी सलाइनचे थेंब ठेवीन. बाटलीवर सोडियम क्लोराइड ०.६५ टक्के असं लिहिलेलं पाहून घ्या. नाक मोकळं करणाऱ्या औषधी थेंबांच्या बाटल्या दिसायला तशाच असतात, त्या बाळासाठी नाहीत. बाळाला उताणं झोपवून खांद्यांखाली दुमडलेलं दुपटं ठेवा, म्हणजे मान किंचित मागे जाते. प्रत्येक नाकपुडीत दोन-तीन थेंब टाका, मिनिटभर थांबा, मग कुशीवर वळवून मऊ कापडाने टिपा किंवा रबरी फुग्याने हलकं ओढा. बाळ रडेल, हातपाय झाडेल. त्यात काही बिघडत नाही, रडण्यानेही नाक वाहून मोकळं होतं. पाजण्याआधी दहा-पंधरा मिनिटं आणि झोपवण्याआधी केलं तर सगळ्यात जास्त फायदा. फुग्याने दिवसभरात सारखं ओढत राहू नका, आतली त्वचा सुजते.

दूध थोडं थोडं आणि जास्त वेळा पाजा. सहा महिन्यांच्या आत वरचं पाणी, मध-पाणी, ओव्याचं पाणी काहीही नको, आईचं दूध पुरतं. खोकला आहे म्हणून केळं आणि दही बंद करायचीही गरज नाही. वरचं खाणाऱ्या बाळाला ते आवडत असेल तर देत राहा. आजारात आधीच खाणं कमी झालेलं असतं.

डोक्याखाली उशी ठेवून झोपवा असा सल्ला सगळीकडे मिळतो. वर्षाच्या आतल्या बाळासाठी तो धोक्याचा आहे. उशीने मान पुढे मोडून वाट आणखी अरुंद होते, आणि गादीवर मऊ वस्तू असल्या की नाकतोंड दबण्याची भीती. सपाट, जरा कडक गादीवर उताणंच झोपवायचं, खोकला असला तरी. फारच त्रास असेल तर जागं राहून थोडा वेळ छातीशी उभं धरा आणि झोप लागली की खाली ठेवा. पोटावर झोपवू नका.

एसी हा उगाच बदनाम झालेला आरोपी आहे. २५-२६ वर ठेवला, झोत अंगावर घेतला नाही आणि जाळी धुतलेली असली तर बाळ सुखाने झोपतं. विदर्भातल्या हिवाळ्यात हवा फार कोरडी होते, तिथे खोलीत पाण्याचं भांडं किंवा ओली चादर टांगणं ठीक आहे. पण जुलैत मुंबईत किंवा रत्नागिरीत हवेत ओल घालणारं यंत्र कशाला हवं? तिथे उलट भिंतीची ओल आणि काळी बुरशी खोकल्याचं मूळ असते. बाळाचा पाळणा त्या भिंतीपासून दूर घ्या.

एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला झोपताना अर्धा चमचा मध चाटवला तर रात्रीचा खोकला थोडा कमी होतो, हे अभ्यासांतही दिसलंय. वर्षाच्या आत मात्र बोटाला लावूनसुद्धा नको. मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते वाढत नाहीत, तान्ह्याच्या वाढतात आणि त्यांच्या विषाने बाळ लुळं पडतं. मध शुद्ध असल्याने हा धोका टळत नाही.

गुटीतले वेखंड, जायफळ, बाळहिरडा याबद्दल वाद घालून आजीला दुखवायची माझी इच्छा नाही, पण जायफळाने बाळाला गुंगी येते, आणि श्वास जड असलेल्या बाळाला गुंगी हीच गोष्ट नको असते. न्हाऊ घातल्यावरची ओवा-शेपाची धुरी तर आजारपणात पूर्ण बंद. धूर हा धूरच असतो, शेगडीतला असो, अगरबत्तीचा, मच्छर कॉइलचा किंवा बाल्कनीत जाऊन ओढलेल्या सिगारेटचा. मच्छरदाणी लावा. ओव्याची पुरचुंडी पाळण्याच्या दोरीला बांधायची असेल तर बांधा, फक्त बाळाच्या हाताला लागू नये. कापूर-मेंथॉलचे बाम दोन वर्षांखालच्या मुलांना लावायचे नसतात, कापूर पोटात गेला तर झटके येतात. नाकात तेल सोडू नका, ते फुप्फुसात उतरून वेगळाच न्यूमोनिया होतो. गरम पाण्याच्या पातेल्यावर बाळाला धरून वाफ देताना भाजतं, त्या मानाने फायदा जवळजवळ नाही.

एक गोष्ट लिहितानाही अंगावर काटा येतो. काही भागांत पोट उडणाऱ्या बाळाला बिब्बा घालतात किंवा तापलेल्या विळ्याने डाग देतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये मेळघाटात अवघ्या २२ दिवसांच्या बाळाच्या पोटावर असे ६५ चटके दिल्याची घटना समोर आली. ज्या बाळाला ऑक्सिजन हवा होता त्याला जखमा मिळाल्या. त्या आईबापांना नुसती नावं ठेवून भागत नाही. रात्री पोचता येईल असा दवाखाना जवळ नसतो, तिथे जवळचा भगत आधी गाठला जातो.

ती फ्रिजमधली बाटली

आता सिरपकडे. खोकल्याची सिरपं लहान मुलांत उपयोगी पडतात असा भक्कम पुरावा नाही, आणि त्यातली काही औषधं गुंगी आणतात, काही हृदयाचे ठोके वाढवतात. खोकला दाबणारं औषध तर बाळाची एकमेव सोयच काढून घेतं. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असा इशारा बाटलीवर छापायला सांगितलं.

त्यानंतर दोन वर्षांच्या आत छिंदवाडा घडलं. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात सर्दी-खोकल्यासाठी कोल्ड्रिफ सिरप घेतलेल्या मुलांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली. जवळचं मोठं शहर नागपूर, त्यामुळे अनेकांना तिथल्या रुग्णालयांत आणलं गेलं. वीसहून अधिक मुलं दगावली. सिरपमध्ये डायइथिलिन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक द्रावक ४८.६ टक्के सापडलं, चालणारी मर्यादा ०.१ टक्का आहे. ऑक्टोबरमध्येच केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने कळवलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, आणि पाच वर्षांपर्यंतही ती सहसा टाळावीत.

महाराष्ट्राला हे विष नवं नाही. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण मूत्रपिंडं निकामी होऊन गेले, त्यातही हेच रसायन होतं. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. जवळजवळ चाळीस वर्षांनी तेच रसायन पुन्हा औषधाच्या बाटलीत, या वेळी मुलांच्या. प्रत्येक सिरप विषारी नसतं हे उघड आहे. पण ज्याचा फायदा जवळजवळ शून्य, त्यासाठी छोटासा धोका तरी का पत्करायचा? तापासाठी पॅरासिटामॉल वेगळं, ते वजनाप्रमाणे डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत द्यावं. थेंबांची बाटली आणि सिरपची बाटली यांत औषधाचं प्रमाण वेगळं असतं, म्हणून एकीचा माप दुसरीला लावू नये. मागच्या वेळची, थोरल्या भावंडाची, शेजारणीने दिलेली, अशी कोणतीही उरलेली बाटली टाकून द्या.

सकाळी दवाखान्यात

खोकला चार आठवड्यांच्या पुढे गेला, वजन थांबलं, किंवा एकच मूल पुन्हा पुन्हा न्यूमोनियाने आजारी पडलं तर सविस्तर तपासणी हवी. एरवीही दाखवायला जाल तेव्हा एक अडचण ठरलेली: रात्रभर घर जागवणारं बाळ सकाळी अकराला डॉक्टरांच्या टेबलावर स्टेथोस्कोप ओढत हसत बसलेलं असतं. म्हणून रात्री मोबाइलवर दोन व्हिडिओ काढून ठेवा. एकात खोकल्याचा आवाज स्वच्छ यावा, पंखा बंद करून. दुसऱ्यात झबलं वर केलेलं, छाती आणि पोट दोन्ही दिसतील असं, पूर्ण एक मिनिट. सोबत एका कागदावर ताप कधी आणि किती, दूध किती गेलं, लघवी किती वेळा झाली, घरात आणखी कोण खोकतंय, ठसका कधी लागला होता का, आणि आतापर्यंत दिलेल्या प्रत्येक औषधाचं नाव, गुटीसकट. लसीकरणाचं कार्डही घ्या. सहा महिने पूर्ण झाले असतील तर फ्लूच्या लसीबद्दल त्याच वेळी विचारून घ्या, ती सरकारी वेळापत्रकात नाही. न्यूमोनियाची पीसीव्ही मात्र आता सरकारी केंद्रात सहा आणि चौदा आठवड्यांना व नवव्या महिन्यात मोफत मिळते.